तहसीलसमोरचे शिक्के, दिवाळीची कार्डं

शिक्का म्हटला की बाळापूर तालुक्यातल्या माणसाला आधी तहसील आठवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीककर्जाचा अर्ज... कागद कितीही खरा असो, त्यावर गोल निळा शिक्का पडत नाही तोवर तो नुसता कागदच. अशा गावात कुणी शिक्क्यांनी दिवाळीची शुभेच्छापत्रं करायला बसलं, तर बघणाऱ्याला आधी हसू येणार आणि मग वाद होणार.

हा वाद घालायला दोन माणसं पुरतात. एक, उभी हयात रबरी शिक्के बनवण्यात गेलेला म्हातारा कारागीर. त्यांना काका म्हणू. दुसरी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी, सणावाराला पोरांकडून कार्डं करवून घेणारी बाई. तिला ताई म्हणू. नावं मुद्दामच दिलेली नाहीत, कारण ही जोडी अकोट, मूर्तिजापूर, खामगाव, कुठंही सापडेल. दोन्ही बाजू मात्र ऐकण्यासारख्या आहेत, आणि दोघांपैकी कुणीही सहजासहजी हार मानणाऱ्यातलं नाही.

ताईंच्या टेबलावर खोडरबराचे तुकडे, दोन-तीन रंगांची स्टँप पॅड आणि घडी घातलेले पांढरे जाड कागद पसरलेले. काकांनी एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, बोटानं त्याची कड चाचपली.

“काहून वं पोरी, सरकारी काम सुरू केलं का तू?”

“नाही काका, दिवाळीची कार्डं आहेत. मुलं करतात आणि मामाला, मावशीला, सैन्यातल्या काकाला पाठवतात.”

“शिक्का मारून?”

“शिक्का मारून.”

काकांनी तुकडा खाली ठेवला. “हे पाय. मान्सं शिक्का कायले मारते? लिहाचा कंटाया येते म्हून मारते. ज्याले रोज शंभर कागदांवर तेच नाव लिहाचं हाये, तो माह्याकडे येते. ग्रामसेवक येते, हेडमास्तर येते, डॉक्टर येते. आन ज्या मान्सावर तुहा जीव हाये त्याले तू शिक्का मारून पाठवतं? त्याले दोन ओयी लिही ना वं. पन्नास पैशाचं पोस्टकार्ड भेटते.”

काकांचा मुद्दा वाटतो तितका साधा नाही. शुभेच्छापत्राचा इतिहास उलगडला तर पहिलाच पुरावा त्यांच्या बाजूनं निघतो. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थांपुढं नाताळच्या दिवसांत उत्तरं द्यायच्या पत्रांचा ढीग साठला. १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं होतं. ती योजना उभी करणाऱ्यांत हे कोलसाहेब स्वतः होते, म्हणजे ढीग त्यांच्याच करणीचा. एकेकाला लिहीत बसण्यापेक्षा त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या हजारेक प्रती लिथोवर छापल्या आणि वर-खाली फक्त नावांपुरती मोकळी जागा ठेवली. उरलेली कार्डं एकेका शिलिंगला विकायला काढली. जगातलं पहिलं छापील नाताळकार्ड म्हणतात ते हेच. लिहिण्याचा कंटाळा हेच त्याचं मूळ.

“बघ,” काका म्हणाले, “म्या काय म्हनलं?”

“पण त्या हजार कार्डांत रंग हातानं भरलेले होते, काका. छापलेली रेघ सगळ्यांची एकच, रंग मात्र एकेकाला वेगळा बसलेला. माझी मुलंही तेच करतात. आणि कंटाळ्याचंच म्हणाल तर तार खात्यानं काय वेगळं केलं होतं?”

इथं ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. तारेनं शुभेच्छा पाठवायच्या तर शब्द लिहायचीसुद्धा गरज नव्हती, ठरलेल्या मजकुरांना आकडेच होते. १ म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, २ म्हणजे ईद मुबारक, ३ म्हणजे बंगाल्यांची विजया, ४ म्हणजे नवं वर्ष. पाठवणाऱ्यानं आकडा सांगायचा, तारबाबूनं तो पुढं धाडायचा आणि दुसऱ्या टोकाला छापील मजकूर दारात यायचा. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा या आकड्यांना आठवून हळहळणारी माणसं कमी नव्हती. तयार मजकुरातही माया पोचते, हे त्या पिढीनं अनुभवलेलं आहे आणि काका त्याच पिढीचे.

काकांनी यावर उत्तर दिलं नाही. पण त्यांचं खरं दुखणं कंटाळ्याचं नव्हतंच. ते हस्तकलेच्या नावाचं होतं. दुसऱ्यानं काढलेलं चित्र आपण नुसतं दाबायचं आणि ‘माझ्या हातचं’ म्हणायचं, हे त्यांना पटत नव्हतं. ज्यानं आयुष्यभर शिक्के घडवले त्याला ते पटूही नये.

कारण त्यांच्या उमेदीच्या काळात शिक्का घडवणं हे खरंच हाताचं काम होतं. छापखान्यातले शिशाचे खिळे स्टिकमध्ये एकेक करून उलटे जुळवायचे, चौकटीत घट्ट आवळायचे, त्यांचा छाप प्लॅस्टरवर घेऊन साचा करायचा आणि तो नीट वाळू द्यायचा. साच्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची, नाहीतर रबर चिकटून बसतं. मग गंधक मिसळलेल्या कच्च्या रबराची पट्टी वर ठेवून प्रेसमध्ये दाबायची आणि सुमारे दीडशे अंशांची धग द्यायची. कमी शिजलं तर शिक्का चिकट राहतो, जास्त शिजलं तर तडकतो. थंड झाल्यावर कात्रीनं कापून लाकडी मुठीला चिकटवला की झाला शिक्का. देवनागरीचा शिक्का तर आणखी चिवट. ‘शु’चा उकार खाली लोंबतो आणि पहिला तोच तुटतो. ‘भ’ आणि ‘ध’च्या गाठींत शाई भरते. शिरोरेघ जरा वाकडी बसली की तहसीलदारसाहेब नशेत असल्यासारखे दिसतात. उर्दू शिक्का मागणारी गिऱ्हाइकंही बाळापुरात असणारच. त्यासाठी आधी कातिबाकडून अक्षर लिहून आणायचं आणि मगच पुढचं काम.

ही सारी विद्या आली कुठून, तर दाताच्या दवाखान्यातून. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, १८४४ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. अमेरिकेतले दंतवैद्य त्याच तंत्रानं कवळ्यांच्या रबरी बैठका शिजवू लागले आणि १८६०च्या दशकात कुणाच्या तरी डोक्यात आलं की त्याच भांड्यात अक्षरंही शिजतील. पहिले रबरी शिक्के अशा कवळ्यांच्या भांड्यांतूनच निघाले. काकांना ही हकिगत सांगितली तेव्हा ते आपल्याच कवळीला हात लावून हसले.

आता शिक्क्याचं ते हातचं कामही गेलं. आधी पातळ पॉलिमर आला. निगेटिव्हखाली ठेवायचा, अतिनील प्रकाश द्यायचा, उजेड लागलेला भाग घट्ट होतो आणि बाकीचा धुऊन टाकायचा. मग लेझर आला. कॉम्प्युटरवर अक्षर टाइप केलं की यंत्र स्वतःच रबर जाळून कोरतं. मूठ दाबली की आपोआप शाई घेणारे शिक्केही आले. ज्याच्या धंद्यातून हात असा हळूहळू निघून गेला, त्याला दुसऱ्याच्या तोंडचा ‘हातानं केलेलं’ हा शब्द टोचणारच. एवढं तरी ताईंनी मान्य केलं.

“पण काका, मी दुकानातला शिक्का आणतच नाही. हा कोरलाय.”

आणि इथून वादाचा रंग बदलला.

ताईंची पद्धत पाहण्यासारखी आहे. बटर पेपरवर मऊ शिशाच्या पेन्सिलीनं आपट्याचं पान काढायचं, दोन गोल पाळ्या आणि मधे खाच. तो कागद खोडरबरावर उपडा टाकून नखानं घासायचा. शिसं रबरावर उतरतं आणि चित्र आपोआप उलटं होतं, म्हणजे छाप सुलटा येणार. अक्षर असेल तर ही युक्ती दुप्पट उपयोगी. मग बारीक पात्यानं रेषेच्या बाहेरून कापायचं. पातं सरळ खाली नाही, जरा बाहेरच्या बाजूला तिरकं धरायचं, म्हणजे उरलेल्या रेषेला खाली रुंद पाया मिळतो. सरळ कापलं तर दहा छापांनंतर कड दुमडते आणि पान फाटक्यासारखं दिसायला लागतं.

शाईचीही रीत आहे. ऑफिसातले बाबू शिक्का पॅडवर ठोकतात, ताई उलट करतात. शिक्का टेबलावर तोंड वर करून ठेवायचा आणि पॅडनंच त्याच्यावर हलके हलके टिपायचं. त्यानं खाचांत शाई जात नाही. मग शिक्का कागदावर सरळ टेकवायचा, दाबायचा, डुलवायचा अजिबात नाही आणि सरळ वर उचलायचा. डुलवला की कडेची सावली उमटते. पुन्हा शाई न लावता तोच शिक्का दुसऱ्यांदा दाबला की फिकट पान येतं. ते मागचं, लांबचं पान. तिसऱ्यांदा आणखी फिकट. एकाच तुकड्यातून पानांचा अख्खा ढीग कागदावर पडतो, पुढचा गर्द आणि मागचा धूसर. दोन छाप एकमेकांवर चढू द्यायचे नसतील तर पुढच्या छापावर त्याच आकाराचं कातरलेलं कागदी झाकण ठेवायचं, मागचा छाप मारायचा आणि झाकण काढायचं.

सोनेरी चमक हवी असेल तर उठावाची पावडर वापरतात. ओल्या छापावर ती भुरभुरायची, जादाची झटकून डबीत परत टाकायची आणि खालून धग द्यायची. पावडर वितळते आणि रेघ उठून दिसते. यासाठीचं यंत्र महाग आहे, आणि केस वाळवायचं यंत्र कामाचं नाही, ते पावडरच उडवून लावतं. तापलेल्या इस्त्रीच्या वर कागद जरा अंतरावर धरला तर काम होतं. मात्र हे काम मोठ्यांनीच करावं. पोरांच्या हाती इस्त्री देऊ नये, ताईसुद्धा देत नाहीत.

काकांनी कोरलेलं पान पुन्हा हातात घेतलं, या वेळी चष्मा लावून. “कड तिरपी घेतली तू. कोनं शिकवलं?”

“तुटून तुटून कळलं.”

“हं,” काका म्हणाले. या ‘हं’चा अर्थ वऱ्हाडात बराच मोठा होतो.

मग ते टेबलावरच्या दुसऱ्या डबीकडे वळले. त्यात शहरातून कुणीतरी भेट दिलेले पारदर्शक तयार ठसे होते. टोपी घातलेला बर्फाचा माणूस, रेनडिअर, लाल फळांची काटेरी डहाळी. अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून मारायचे, काम झालं की सोलून काढायचे.

“हा बाप्या कोन?”

“बर्फाचा माणूस.”

“अकोल्यात?”

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न चुकीचा नाही. छंद म्हणून शिक्क्यांची कार्डं करण्याची लाट अमेरिकेत १९७० आणि ८०च्या दशकांत उठली, तिथूनच ती जगभर पसरली आणि तिच्याबरोबर तिकडचा हिवाळाही आला. दुकानातल्या तयार संचांत पाइनची झाडं असतात, पळस नसतो. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात किंवा नागपूरच्या सीताबर्डीवर शोधलं तर पणती आणि गणपती मिळतात, पण तेही एकाच साच्यातले. हौशी माणूस दरवर्षी नवा संच घेतो, कपाट भरतं आणि कार्डं मात्र अमेरिकेतल्यासारखीच निघतात. काकांची ‘दुसऱ्याचं चित्र दाबणं’ ही टीका या डबीला तंतोतंत लागू पडते, आणि ती मागं घ्यायचं कारण नाही.

ताईंनी डबी बंद केली. मुलांनी कोरलेले ठसे वेगळे आहेत. दसऱ्याला आपटा, संक्रांतीला तिळाचा काटेरी हलवा (नुसते ठिपके आणि त्याभोवती आणखी ठिपके, पहिलीतलं पोरही करू शकतं), होळीला पळसाची तीन फुलं, दिवाळीला उमललेलं कापसाचं बोंड. पणतीऐवजी बोंड कशाला, असं कुणी विचारलं की ताई सांगतात, वऱ्हाडात दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो. ज्या घरी बोंड फुटलं त्याच घरी फटाके फुटतात, एवढं गणित पोरांना ठाऊक आहे. नाताळच्या कार्डावर एका मुलीनं ज्वारीचं कणीस कोरलं. डिसेंबरात शेतात तेच उभं असतं, असं तिचं म्हणणं. येशूच्या जन्माचा आणि ज्वारीचा काय संबंध, असं विचारण्याचं धैर्य कुणाला झालं नाही.

एका मुलानं तर बाळापूरची छत्रीच कोरली. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या गावात विटांचा तो उंच किल्ला आहे आणि नदीकाठी दगडी छत्री आहे, मिर्झा राजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी. खांब, कमानी, वर घुमट. पुण्यात राहणाऱ्या आत्याला पाठवायच्या कार्डावर त्यानं ती छापली, खाली एकही शब्द नाही. गाव सोडलेल्या माणसाला गावचा हा आकार किती पुरतो ते बाळापूरच्याच माणसाला विचारावं.

“हे ठीक हाये,” काका म्हणाले. छत्रीचा छाप त्यांनी बराच वेळ पाहिला. “पन घुमट तिरपा गेला. नदीत पडन तो.”

बाळापूरसारख्या गावात कार्डाचा सण एकच नसतो. दिवाळी गेली की कधी ईद येते, कधी नाताळ. ईदची छापील कार्डं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात भरभरून निघत. त्यांतली काही मुंबईच्या छापखान्यांची, बोल्टन फाइन आर्ट लिथो हे त्यांतलं एक नाव. चंद्रकोर, मशिदीचे मिनार, गुलाबाच्या वेली, कधी विमान आणि आगगाडीसुद्धा, म्हणजे शुभेच्छा लवकर पोचाव्यात म्हणून. ताईंच्या वर्गात हिंदू-मुसलमान पोरं एकाच बाकावर बसतात. चंद्रकोर एकदा कोरली की ती ईदलाही चालते आणि कोजागरीला पूर्ण गोल केली की तिथंही. एका ठशाचे दोन सण, हे काटकसरीचं गणित मुलांनीच शोधलं.

काटकसर हा या हस्तकलेचा खरा गुण आहे, आणि जपान्यांनी तो फार आधी ओळखला. तिकडं नव्या वर्षाची कार्डं पाठवायची रीत इतकी मोठी की २००४ च्या नववर्षासाठी जपानच्या टपाल खात्यानं सुमारे ४४६ कोटी कार्डं काढली होती. नंतर तिथंही मोबाइलनं हा आकडा उतरवला, पण घरोघरी खोडरबर आणि बटाटा कोरून नववर्षाची कार्डं छापणारी माणसं अजून आहेत. आपल्याकडं कार्यानुभवाच्या तासाला भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे सगळ्यांनीच मारलेत. आडवी कापलेली भेंडी म्हणजे पाच पाकळ्यांचं तयार फूल. दुर्दैवानं त्या वह्या तपासून झाल्या की रद्दीत जातात. त्या फुलांवर कुणाचा पत्ता लिहिला असता तर त्या कुठंतरी पोचल्या असत्या.

कागदावरून मात्र काका आणि ताईंचं जमलं. चकचकीत आर्ट कार्डवर स्टँप पॅडची शाई वाळत नाही, हाताला लागते. हातकागदावर ती फुटते, रेघेला केस येतात. काकांनी सांगितलं ते असं: ऑफिसची निळी शाई लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीनच्या जोरावर ओली ठेवलेली असते, म्हणून कागद थोडा शोषणारा हवा, पण फार नको. ड्रॉइंगचा कार्ट्रिज किंवा बिनचमकीचं आयव्हरी कार्ड उत्तम. हातकागदच हवा असेल तर त्यावर ठसा बारीक रेषांचा नको, जाड आकाराचा घ्यावा, म्हणजे शाई फुटली तरी शोभते. पुण्याच्या १९४० सालच्या हातकागद संस्थेची आठवण काढून ताई म्हणाल्या की तिथला कागद एकदा वापरून पाहायचाय. काका म्हणाले, “आपल्याच गावात एका काळी कागद होत होता म्हनतात. आता सांगाले कोनी उरलं नाई.”

आणि मग ताईंनी तो मुद्दा काढला ज्यावर काका खरोखर थांबले.

“काका, एका मुलाच्या आजीला लिहिता येत नाही. सूरतला गेलेल्या मुलाला तिनं आजवर कधी काही पाठवलं नव्हतं. पत्र लिहायचं म्हणजे दुसऱ्याकडं जायचं, आपलं बोलणं त्याच्यासमोर सांगायचं. तिनं नातवाचा ठसा घेतला, स्वतःच्या हातानं कार्डावर मारला, त्याच्या बाजूला आपला अंगठा उमटवला आणि पाकीट बंद केलं. तुमचं पोस्टकार्ड तिच्या काय कामाचं?”

काका काही बोलले नाहीत. अंगठ्याचा छाप हा तर शिक्क्यांचा आजा. १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा छाप घेतला आणि पुढं बोटांच्या ठशांचं सारं शास्त्र उभं राहिलं. वऱ्हाडातल्या सावकारी कागदांवर असे अंगठे कितीतरी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांमागं शेत गेल्याची कथा आहे. त्याच अंगठ्यानं दिवाळीचं कार्ड पाठवता येतं, हे शिक्क्यांच्या धंद्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या कधी मनात आलं नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. विदर्भातच वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठमुक्त आणि अपंग माणसं वर्षानुवर्षं शुभेच्छापत्रं करतात आणि लोक ती मागवून पाठवतात. चित्रकलेची परीक्षा पास झालेल्यांचीच ही मक्तेदारी असती तर हे घडलंच नसतं.

तरी काकांनी एक गोष्ट सोडली नाही. ताईंच्या डबीत ‘शुभ दीपावली’ असा तयार पॉलिमरचा शिक्का होता. तो त्यांनी उचलून बाजूला ठेवला.

“चित्र शिक्क्यानं मार. पान मार, बोंड मार, छत्री मार. पन बोलनं शिक्क्यानं नाई मारू. ज्याले लिहिता येते त्यानं लिहावं. ‘शुभ दीपावली’ म्या हजार मान्साले बनवून देल्ली. बँकेनं देल्ली, पतसंस्थेनं देल्ली, पुढाऱ्यानं देल्ली. कोनी एकानं तरी वाचली असन का? मोबाइलवर येते ते बी तसंच. एकाच फोटोले शंभर जन पुढं ढकलते.”

“मुलांची अक्षरं वाकडी येतात, काका.”

“येऊ दे.”

ताईंनी थोडी कुरकुर केली. तीस-चाळीस मुलांकडून शुद्ध लिहवून घेणं काय असतं ते शिक्षकालाच ठाऊक. ‘दीपावली’ची दुसरी वेलांटी दरवर्षी पहिली होऊनच निघते. पण शिक्का त्यांनी डबीत टाकला आणि कार्डाच्या आतली बाजू कोरी ठेवायचं ठरलं. या मुद्द्यावर हा लेखही काकांच्या बाजूनं आहे. ठसा स्वतः कोरला, गावचा कोरला, तर ते हातचं काम आहे, यात शंका नको. पण आतल्या दोन ओळीसुद्धा तयार शिक्क्यानंच मारल्या तर त्यात आणि पतसंस्थेच्या कार्डात फार फरक उरत नाही. आणि विकतच्या बर्फाच्या माणसावर विकतचा मजकूर मारला तर काकांची पहिली टीका जशीच्या तशी खरी ठरते.

निघताना काकांनी पिशवीतून एक जुनी लाकडी मूठ काढली, हातानं घासून गुळगुळीत झालेली. “खोडरबर हातात धरून मारू नोको. बोटं हालतात. याले चिकटव.” ताईंनी ती घेतली. वाद संपला का, तर नाही. काका अजूनही पोस्टकार्डच श्रेष्ठ मानतात आणि पुढच्या खेपेला तेच म्हणतील.

घरी हे करून पाहणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. ए-फोर आकाराचा अडीचशे जीएसएमचा कागद मधोमध कापला की अर्ध्याचं वजन आठ ग्रॅमच्या आत बसतं. पाकिटासह ते वीस ग्रॅमच्या मर्यादेत राहतं आणि पाच रुपयांच्या तिकिटात जातं. आत तिळगूळ किंवा हलवा घातलात तर वजन करून घ्या. शिवाय टपालातल्या लोखंडी ठप्प्याखाली हलव्याचं पीठ होतं, तेव्हा तो चपटा आणि कडेला ठेवा. घडी घालण्याआधी पट्टी लावून शाई संपलेल्या पेननं रेघ ओढा, घडी तुटणार नाही. खोडरबराचा ठसा वापरून झाला की ओल्या फडक्यानं पुसा, रॉकेल लावू नका, रबर फुगतं. आणि पत्त्याखाली पिन लिहायला विसरू नका. हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाले आणि त्यामागं श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी टपाल अधिकारी होते, जे संस्कृतचे कवीही होते.

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी कार्ड पेटीत पडू द्या. बाळापूरला पाठवायचं असेल तर पिन ४४४३०२.